बटणवाल्यांना लाडू

भेदभाव म्हणजे काय ते लेकरांना समजावून सांगा, असा वरून हुकूम आला आणि पिंपळगाव राजा गावच्या अंगणवाडीतल्या सिंधूताई पेचात पडल्या. चार वर्षांच्या पोराला हे सांगणार कसं? शेवटी त्यांनी युक्ती काढली. ज्याच्या कपड्याला बटण, त्यालाच राजगिऱ्याचा लाडू. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मग "कसं वाटलं रे?" असं विचारून उरलेल्यांनाही लाडू द्यायचे. कपड्यांचा रंग त्यांनी मुद्दामच टाळला. आजकाल कोणता रंग कोणाच्या झेंड्याचा निघेल, सांगता येत नाही.

बटणवाले खायला लागले. पण ताईंनी काही विचारायच्या आतच बिनाबटणाचा गोविंदा भोकाड पसरून घराकडे पळाला. त्याच्यामागे उमैमा आणि धम्मरत्नही.

घटकाभरात गोविंदाची आजी पुष्पाबाई दारात उभी.

"गोविंदाले लाडू काऊन नाही देला? आमी मत दुसरीकडं टाकलं म्हणून?"

"नाही वो मावशी, भेदभावाचा धडा होता तो."

"धडा शिकवाले आमचंच लेकरू सापडलं काय?"

तेवढ्यात उमैमाची अम्मी जहांआरा आली. ती भांडली नाही. कोणाकोणाच्या हातात लाडू आहे, तेवढं निरखत राहिली. ताईंना तेच जास्त झोंबलं.

धम्मरत्नचे आजोबा भाऊराव मागून म्हणाले, "आमच्यासाठी हे काही नवं नाही. सुपरवायझर बाईलेच फोन लावतो."

ताई पुढे धावल्या. इतक्या वर्षांची नोकरी एका बटणापायी जाणार. "भाऊ, खरंच सांगते, मी फक्त बटण पाहून देले."

"बटण पाहून कोणी लाडू देते काय?" पुष्पाबाईने डोळे बारीक केले. मग तिने शेजारी पाहिलं. "तुमच्याबी लेकराले नाही भेटला?"

"नाही ना," जहांआरा म्हणाली.

भाऊरावांनी दोघींकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. "म्हंजे सगळ्याईवर सारखाच अन्याय झाला."

"हाव, मंग ठीक हाय," पुष्पाबाई म्हणाली.

ताईंच्या जिवात जीव आला. त्यांनी उरलेल्या लाडवांचा डबा उघडला, तोच मनकर्णाबाई तरातरा आत आली. तिच्या मुठीत बटणवाल्या नातीचा अर्धा खाल्लेला लाडू होता.

"ताई, एवढ्या लेकराईले सोडून आमच्याच पोरीले लाडू काऊन देला? आमचं काय काढून घ्याचं हाय, ते आताच सांगा."

भाऊरावांचा हात पुन्हा खिशात गेला.