विरोधकाची सर्वानुमते नेमणूक

दुबईतल्या अल मनखूलच्या मराठी मित्रमेळाव्याने वार्षिक वादविवादाचा विषय निवडताना एकच निकष लावला: सभासदांपैकी कोणाचाही त्याच्याशी काडीचा संबंध नसावा. गेल्या वर्षी ‘मोदक उकडीचे की तळणीचे’ हा विषय घेतला, तेव्हापासून दोन कुटुंबं लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात. म्हणून यंदा ‘स्कॉटलंडचे स्वातंत्र्य व चलन’.

वादाला विरोधक लागतो, तेव्हा रामेश्वरची सर्वानुमते नेमणूक झाली. तो हरखलाच. दुबईत आल्यापासून ऑफिसात त्याच्या तोंडून ‘यस सर’खेरीज काही निघालं नव्हतं. एकदा तरी माइकवर, लेकीसमोर, खणखणीत ‘नाही’ म्हणायचं, या कल्पनेने बिचारा दोन घास जास्त जेवू लागला.

मुद्दा एकच, पण बिनतोड. वेगळं व्हायचं आणि पौंड मात्र लंडनचाच ठेवायचा, तर व्याजदर ठरवताना तुम्हाला विचारणार कोण? बायकोसमोर, म्हणजे समिधासमोर, त्याने तो रोज घोकला.

अध्यक्ष सुरेशरावांनी भाषण तपासलं. “पॉइंट सही है, पण टोन निगेटिव्ह वाटतो. विरोध कन्स्ट्रक्टिव्ह पाहिजे, हबीबी.”

“म्हणजे कसा?”

“ज्याला विरोध करायचा, त्याला त्रास व्हायला नको.”

त्रासदायक वाक्यं गेली. मग प्रश्नचिन्ह गेलं, कारण ते उत्तर मागत होतं. उरलेल्या ‘नाही’च्या जागी समितीने ‘बघू, इन्शाल्ला’ सुचवलं. रामेश्वर म्हणाला, “यस सर.”

कार्यक्रमात तो बोलला, “माझा या प्रस्तावाला विरोध आहे आणि तो मंजूर व्हावा, ही विनंती.” टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत समिधा उभी राहिली.

“पण पौंड लंडनचाच ठेवला, तर व्याजदर ठरवताना स्कॉटलंडला विचारणार कोण?”

सुरेशराव रामेश्वरच्या कानाला लागले. “विरोधाचं खातं तुमच्याकडे आहे ना? मग आवरा यांना. यल्ला, लवकर!”

रामेश्वरने माइक घट्ट धरला. “नाही!” तो कडाडला. “प्रश्न विचारायचे नाहीत! खाली बस!”

इतका खणखणीत विरोध मेळाव्याने कधी ऐकला नव्हता. उत्कृष्ट विरोधकाचा करंडक त्यालाच मिळाला. घरी जाताना गाडी समिधा चालवत होती. मागच्या सीटवरून लेक मिहिका म्हणाली, “बाबा, यू फायनली सेड नो. टू आई.” करंडक मांडीवर होता, पण रामेश्वरला रडू येत होतं.

समिधाची तिसऱ्या रांगेतली खुर्ची आता रिकामी आहे. तुम्ही या ना. नुसतं बसायचंच तर आहे. उभं राहायला तुम्ही थोडेच येणार आहात!