भिकाजीपंतांचा नेम

सोवळ्याच्या काठीनं माणूस काय करतो? वळणीवरचं धोतर काढतो, फार तर मांजर हाकलतो. आमचे शेजारी भिकाजीपंत त्या काठीनं बेलफळं मारत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कद नेसून मागच्या पडवीत एका गुडघ्यावर वाकले होते आणि हनुवटी काठीला टेकवून एक डोळा मिटून बसले होते. समोर दोन सुकी बेलफळं. ‘टक्’ झालं, एक फळ दुसऱ्यावर आपटलं आणि दुसरं गडगडत जाऊन भुईतल्या उखळात पडलं. महादेवाचं फळ, सोवळ्याची काठी आणि कांडणाचं उखळ! माझ्या हातातला तांब्याच खाली पडला.

“आवाज करू नका मास्तर,” ते मान न वळवता म्हणाले, “कोपर हलतं.”

भिकाजीपंत कर्जत स्टेशनात मालधक्क्यावर कारकून, आणि मी तिथंच नुकताच बदलून आलेला तारमास्तर. गाडी घाटात चढवायला मागून लावायची इंजिनं आमच्याकडे असत, म्हणून गोऱ्या ड्रायव्हरांची वस्ती होती आणि त्यांचा एक क्लबही होता. क्लबात हिरव्या कापडाचं बिलियर्डचं टेबल होतं. नेटिवाला आत मज्जाव. भिकाजीपंत रोज संध्याकाळी तिथं खिडकीबाहेर उभे राहत. त्या कापडावर मरण्याआधी एकदा चेंडू मारायला मिळावा, एवढंच त्या माणसाला देवाकडे मागायचं होतं. कुणी मोक्ष मागतो, कुणी मुलगा मागतो, आणि हे काय भलतंच!

“हात मारत नाही हो, अंग मारतं,” ते सांगत. “पाय रोवायचे, खांदा विसरायचा, कोपरापासून खालचा हात तेवढा झुलवायचा. आणि मुंडी! मुंडी वर आली की मेलात!”

हे शास्त्र ते कुणालाही लावत. न्हाव्याला कोपर कसं धरावं ते दाढी चालू असताना शिकवलं आणि गालावर पट्टी बांधून कचेरीत आले. धक्क्यावर कोंडू हमाल भाताची गोण उचलायला वाकला, तर हे धावले. “उजवा पाय मागं रे! कंबरेत नको, गुडघ्यात वाक!”

कोंडू वैतागून म्हणाला, “भाऊसायेब, आमी गोण उचलताव, फुगडी नाय घालत!”

इथवर मी सोसलं. पण एकदा दुपारी विरजण मागायला गेलो. पडवीचं दार लोटलेलं होतं. ढकललं आणि पाहतो तो काठी पंतांच्या बायकोच्या, राधावहिनींच्या हातात! पदर खोचलेला, एक गुडघा भुईला, नजर बेलफळावर. हे मागं उकिडवे बसून सांगताहेत, “घाई नको. श्वास सोड. आता.” मी विरजणाची वाटी तिथंच ठेवून पळालो. घरंदाज बाई आणि गोऱ्यांचा खेळ! हे मी कुणालाही सांगितलं नाही. आमच्या हिला सांगितलं, म्हणजे गावाला कळलंच.

पुढच्याच आठवड्यात पंतांनी कहर केला. क्लबात एक लालबुंद ड्रायव्हर सारखा हरत होता. खिडकीबाहेरून हे ओरडले, “साहेब, मुंडी! हेड डाउन!” साहेब काठी उगारून बाहेर धावला. मी शेजारीच होतो. आमची नोकरी गेली असंच मी धरून चाललो. पण पंत तिथंच मातीत वाकून पवित्रा दाखवायला लागले. साहेब पाहत राहिला, आत गेला, मान खाली ठेवून मारलं आणि चेंडू बरोबर टेबलाच्या भोकात पडला. खिडकीतून त्यानं सांगितलं, “बाबू, रविवारी दुपारी ये. एक डाव तुझा.”

रविवारी पंत धुतलेली पगडी घालून गेले. मी खिडकीशी उभा. ते टेबलापाशी वाकले. पाय, कोपर, मान, सगळं कसं ओळंब्यात. काठी मागं गेली. आणि पंत उठले! त्यांनी तळहातानं कापड एकदा चाचपलं, काठी साहेबाच्या हाती दिली, सलाम केला आणि सरळ बाहेर आले.

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला?” मी रस्त्यातच ओरडलो. “जन्मभर ज्याचा जप केलात—”

ते चालतच राहिले. नदीपाशी आल्यावर म्हणाले, “तुम्ही यायच्या आधी आमचा मुलगा बाळू देवीच्या साथीत गेला. त्यानंतर हिनं बोलणंच टाकलं. वाढायची, झाडायची, पण शब्द नाही. एकदा पडवीत माझा नेम चुकला, तर आतून आवाज आला, ‘जरा डावीकडून मारायचं होतं.’ मास्तर, किती महिन्यांनी बोलली हो! मी काठी तिच्याच हातात दिली.”

“मग आज मारायला काय झालं?”

“कापडाला हात लावला. काय मऊ होतं! त्यावर एकदा मारलं असतं, तर पडवीतला खेळ मला गोड लागला नसता. ते तिला माझ्या तोंडावरून कळलं असतं. आणि तिला तिथं कोण आत घेणार?”

आम्ही घराकडे वळलो.

राधावहिनी दारातच उभ्या होत्या. “कसं होतं हो टेबल?”

“कसलं काय! कापडाला ठिगळं, चेंडू वेडेवाकडे. आपलं बरं त्याहून.”

त्यांचा विश्वास बसला नाही. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “खरं का हो, भावोजी?”

तारेतलं एक अक्षर मी कधी इकडचं तिकडं केलेलं नाही. “अगदी भिकार टेबल, वहिनी,” मी म्हणालो.

भिकाजीपंतांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाय धुवायला म्हणून ते मागं गेले आणि बराच वेळ नुसतं पाणी ओतत राहिले.