मल्लप्पाण्णांची मालती

मल्लप्पाण्णांनी आयुष्यात सगळ्यांत जास्त औषधं ज्या बाईला सुचवली, ती बाई जगात कधी जन्मालाच आली नव्हती. तिचं नाव मालती. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका मासिकात कादंबरी क्रमशः चालू होती, तिची ही नायिका. वाचनालयाचा चिटणीस मीच. सकाळी कोरा करकरीत अंक टेबलावर ठेवायचो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या समासात अण्णांची पेन्सिल फिरलेली असायची : ‘पित्तप्रकृती. सिंह रास. राक्षसगण. धने-जिऱ्याचे पाणी द्यावे.’

मंगळवार पेठेत त्यांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. हिरडा-ज्येष्ठमध मागायला गेलेल्याला आधी बाकावर बसून स्वतःची प्रकृती ऐकून घ्यावी लागे, मग पुडी मिळे. मी खोकल्यासाठी गेलो होतो. “तुमी वाताचे,” त्यांनी पहिल्याच भेटीत सुनावलं, “बडबड लई, काम कमी.” सगळ्या पेठेची वात, पित्त आणि कफ अशी वाटणी करून झाली, तेव्हा हा गृहस्थ कादंबरीत शिरला.

“आणि अण्णा, तुमची हो कोणती प्रकृती?” मी एकदा विचारलं.

“आमचं तिन्ही सम हाय,” ते म्हणाले. म्हणणारच.

तर ही मालती. तिचा नवरा वकील. चार पाहुण्यांदेखत त्यानं तिची चेष्टा केली म्हणून ती माहेरी निघून गेली, आणि आता परत येते की नाही, या एका प्रश्नावर लेखकमहाशयांनी सहा महिने काढले. अण्णांनी वकिलाचा निकाल लगेच लावला होता. “कफाचा हाय. जागचा हलणार न्हाय.” एका अंकात मालती दुःखाच्या भरात तीन कप चहा प्याली, तर अण्णा दोन दिवस घुश्शात. “पित्तावर च्या? ह्या लेखकाला बाईची माया न्हाय.” पेन्शनीत निघालेले आमचे एक शिरस्तेदार रोज वर्तमानपत्र वाचायला यायचे. तेही अण्णा बोलू लागले की वर्तमानपत्रामागे तोंड लपवून हसायचे. मी लपवतही नसे.

हसायला कारण होतं. अण्णांची बायको महादेवीवहिनी पंचमीला अक्कलकोटला माहेरी गेल्या होत्या, त्या संक्रांत उलटली तरी परतल्या नव्हत्या. का, तेही पेठेत सगळ्यांना ठाऊक. दुकानात गिऱ्हाइकं बसली असताना आणि वहिनी आतून चहा घेऊन येत असताना अण्णांनी जाहीर केलं होतं, “आमची मंडळी राक्षसगणाची. तिच्यापुढं मिरी बी गोड लागती.” गिऱ्हाइकं हसली. खोटं कशाला बोलू, त्यांत मीही होतो. दुसऱ्या दिवशी भाऊ न्यायला आला आणि वहिनी गेल्या.

सासरे म्हणायचे, न्यायला आल्याबिगर पोरगी धाडायची आमची रीत न्हाय. अण्णा म्हणायचे, बोलावणं आल्याबिगर सासरवाडीची पायरी चढायची आमची रीत न्हाय. झालं. दोन्हीकडच्या रीती सांभाळण्यात यांचा संसार मोडायला आला होता. मालती आणि महादेवी या दोघींच्या नावाचं पहिलं अक्षर एक, म्हणून अण्णांच्या हिशेबी रासही एक आणि गणही एकच. आम्हाला ते कळत होतं. अण्णांना कळत होतं की नाही, देव जाणे.

शेवटचा अंक शनिवारी आला. त्यात मालती एका संध्याकाळी आपली आपणच टांग्यातून उतरते आणि वकिलाच्या पायांवर डोकं ठेवते. शिरस्तेदारांनी चष्मा काढून डोळे पुसले. अण्णांनी ते पान दोनदा वाचलं.

“हे खोटं हाय,” ते म्हणाले.

“लेखकापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक?”

“ह्या प्रकृतीची बाई अशी येत न्हाय की. रोज दारात बसून वाट बघंल, जेवणार न्हाय, पर पाय उचलणार न्हाय. तिला आणाय जावं लागतंय.”

माझी जीभ कुठली गप्प बसते? “मग वहिनींना आणायला कोण गेलंय, अण्णा?”

वर्तमानपत्रामागून कुणी हसलं नाही. अण्णांनी अंक मिटला, पेन्सिल खिशात घातली आणि उठून गेले. मला माझीच लाज वाटली. शिरस्तेदार माझ्याकडे बघेनात.

दुसऱ्या दिवशी रविवार, वाचनालय बंद. दुपारी मोटारस्टँडवरून चाललो होतो, तर अक्कलकोटच्या सर्व्हिस मोटारीपाशी अण्णा उभे. धुतलेलं धोतर, नवा रुमाल, काखेत भलंमोठं गाठोडं. मोटारवाला म्हणाला, सकाळपासून दोन गाड्या सोडल्यात यांनी.

“काय अण्णा, बसत का नाही?”

त्यांनी गाठोड्याची गाठ थोडी सैल केली. आत तीन इरकली लुगडी होती. एक हिरवं, एक जांभळं, एक डाळिंबी.

“दुकानदारानं इचारलं, वहिनींला रंग कंचा आवडतो,” अण्णा म्हणाले. “अकरा वर्सं झाली लग्नाला, चिटणीस. मला सांगता आलं न्हाय.”

मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. अण्णा पायरीवर चढले, गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसले आणि लहान आवाजात त्यांनी मला विचारलं, “तिन्हीतलं एक तरी आवडंल की हो तिला?”