जावयाचे जठर

मास्तरांचे डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा घरच्यांनी प्रथम त्यांच्या चष्म्यावर संशय घेतला. काचा बदलल्या, पिवळेपणा राहिला. मग जावयाने त्यांना स्कूटरवर मागे बसवून रुग्णालयात आणले.

डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली. "पित्तनलिकेत खडा असेल, नाहीतर स्वादुपिंडात गाठ. गाठ असली तर दिवस घालवून चालणार नाही. तोंडातून नळी घालू. टोकाला कॅमेरा आणि सोनोग्राफी, दोन्ही असतं. जठरात शिरून पलीकडे डोकावलं की सगळं दिसतं."

मास्तर भिडस्त. शाळेत चित्रकला शिकवताना एखाद्या पोराने घोड्याला पाच पाय काढले, तरी ते "छान आहे, फक्त..." एवढेच म्हणत.

"छान आहे," ते म्हणाले, "फक्त... मला जठर नाही. मागच्या आजारात तुम्हीच काढलंत."

"अरे हो! अन्ननलिका थेट आतड्याला जोडली होती. मग आतड्यातून बघू. जरा कसरत आहे, पण जमेल."

डॉक्टरांना जमले असते. यंत्राला जमेना. पूर्वी काही जण घाईघाईत जठर न बघताच तपासणी उरकत, म्हणून गुणवत्ता कक्षाने बंदोबस्त केला होता: जठराचा फोटो घेतल्याशिवाय यंत्र पुढची पायरी उघडत नसे. या शिस्तीबद्दल मिळालेली ढाल भिंतीवर लटकत होती.

"जठर नसल्याचा दाखला आणा," गुणवत्ता कक्षाच्या बाई म्हणाल्या. "जठर विभागातून."

जठर विभागाने दारातूनच परत पाठवले. "आमच्याकडे जठर असलेलेच पेशंट येतात. नसलेल्यांबद्दल आम्ही कसं सांगणार?"

बाईंनी पेन गालावर टेकवून विचार केला. त्या निर्दय नव्हत्या. "हे बघा, रक्त लागलं की नातेवाईक बदली रक्त देतातच ना? तसंच करू." आणि त्यांची नजर जावयाच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर स्थिरावली.

"अहो, पण आमचं रक्ताचं नातं नाही!" जावई मागे सरकला.

"रक्त कोण मागतंय? फोटोपुरतं जठर द्या."

"मी सकाळी दाबून खाल्लंय."

"थांबू आम्ही."

जावई संध्याकाळपर्यंत उपाशी बसला. मास्तर सकाळपासून उपाशीच होते. "जावईबापू, माझ्यामुळे उगाच त्रास," ते पुन्हा पुन्हा म्हणाले. "बाबा, तुम्ही गप्प बसा. तुमच्या मुलीला मी तोंड कसं दाखवणार?" जावई म्हणाला आणि तेच तोंड उघडून आत गेला.

जठराचा फोटो सुरेख आला. यंत्र खूश होऊन पुढे सरकले. डॉक्टरांनी नळी काढून मास्तरांना आडवे व्हायला सांगितले, तेव्हा बाईंनी हात आडवा केला. "एका तपासणीत एकच नळी, एकच तोंड. संसर्गाचा नियम आहे. इथवर आलाच आहात, तर उरलेले फोटोही ह्यांचेच घ्या."

"अहो, पण आजारी ते..."

"डॉक्टर, बाहेर लोक खोळंबलेत."

डॉक्टरांनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा ढालीकडे, आणि नळी पुन्हा जावयाच्या घशात सोडली.

अहवाल मास्तरांच्या नावाने आला. जठर उत्तम. स्वादुपिंड निर्दोष. पित्तनलिका मोकळी. उपचारांची गरज नाही.

मास्तरांनी तो अहवालाच्या खिडकीपाशीच उभे राहून वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच ते 'फक्त'पाशी अडखळले नाहीत. "छान आहे, फक्त मी अजून पिवळाच आहे."

"रंग या तपासणीत येत नाही," बाई म्हणाल्या.

"पण आत गाठ असली तर? पुन्हा एकदा, माझीच तपासणी..."

तेवढ्यात रांगेतून आवाज आला. "आजोबा, सगळं नॉर्मल आलंय, आणखी काय पाहिजे? सरका की आता!"

मास्तर ओशाळले. "माफ करा हं," म्हणत त्यांनी अहवालाची घडी केली आणि घसा धरून बसलेल्या जावयाला हाताला धरून हळूहळू जिना उतरले.

आवाज कोणाचा होता ते सांगत नाही. तुम्हाला घाई होती, हे मान्य. आता तुमचाच नंबर आहे, या आत. आणि घाबरू नका. असा खोळंबा पुन्हा होऊ नये म्हणून गुणवत्ता कक्षाने जावयाचे फोटो यंत्रात कायमचे भरून ठेवले आहेत. तुमचेही सगळे नॉर्मलच येईल.