बेपत्ता कंडक्टरचं प्रकरण

बिट्टीच्या मामाने दारावर आलेल्या गॅसवाल्याला एकदा स्वतःची ओळख करून दिली होती ती अशी: "चपलेवरून चाल आणि चालीवरून चारित्र्य सांगणारा, आजवर एकही केस न हरलेला गुप्तहेर, तो मी." गॅसवाला म्हणाला, "बरं. सिलिंडर कुठे ठेवू?"

एकही केस न हरलेला, हे मात्र खरं होतं. मामा बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसायचा. लोक यायचे, आपापली छत्री ओळखायचे आणि घेऊन जायचे. मामा त्याला 'प्रकरण उलगडलं' म्हणायचा. त्याचं भिंग तिथलंच बेवारस होतं आणि लांब कोटही. तो कोट बायकी आहे हे त्याला सांगायचा धीर अजून कुणाला झाला नव्हता. खोड एकच. घरातही एखादी वस्तू मालकाविना पडलेली दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. बाबांना एकदा स्वतःचा चष्मा डेपोतून खुणा सांगून सोडवून आणावा लागला होता.

तर त्या दुपारी बिट्टी लॅपटॉपपुढे रडायच्या बेतात बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा शेवटचा पेपर, अर्थशास्त्राचा. त्याच संध्याकाळी डेपोत बाबांचा निरोप समारंभ. बाबा ड्रायव्हर. उद्या शेवटची बस लावून मोकळे होणार. समारंभात दाखवायला बिट्टी गुपचूप एक फिल्म करत होती. व्हिडिओ एडिटिंगचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर तिने ऐन परीक्षेच्या तोंडावर उतरवून घेतलं होतं आणि अभ्यासाच्या नावाखाली दार लावून ती त्यात उचकापाचक करत होती. मागणीचा आलेख कुठे वळतो हे तिला धड सांगता आलं नसतं, पण एक चित्र विरवून त्यात दुसरं कसं आणायचं हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं.

फिल्मचा जीव होता कंडक्टरकाका. त्यांनी आणि बाबांनी उभी हयात एका बसमध्ये काढली आणि उभी हयात भांडण्यात घालवली. मुलाकडे कायमचं राहायला जाण्याआधी ते बिट्टीच्या फोनपुढे बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हा माणूस ब्रेक मारायचा ना, तर उभ्या म्हातारीच्या हातातलं दूध सांडायचं नाही. तोंडावर कधी बोललो नाही. डोक्यावर चढून बसला असता." मग रुमालात तोंड लपवून ते रडलेच. हे बाबांना ऐकवायचं, एवढ्यासाठी बिट्टीने अख्खं अर्थशास्त्र वाऱ्यावर सोडलं होतं.

आणि आज फिल्म उघडली तर सगळी चित्रं गायब. कंडक्टरकाकांच्या जागी नुसती लाल पट्टी: 'फाइल सापडत नाही.' फोनमधलं तर तिने जागा करायला केव्हाच पुसलं होतं. तिने घाबरून मामाला फोन केला, आणि ही तिची दुसरी चूक.

मामा खिडकीवर 'लवकरच येतो'ची पाटी अडकवून धावत आला. "कुणीही कशाला हात लावायचा नाही!" असं ओरडून त्याने लॅपटॉपवर डबाभर टाल्कम पावडर ओतली. "ठसे," तो म्हणाला आणि शिंकला. ठसे उडाले.

"आता सांग, हे सॉफ्टवेअर कुणाचं?"

"कुणाचंच नाही, मामा. जगभरातल्या लोकांनी मिळून केलंय. कुणीही आत डोकावावं, दुरुस्ती करावी. सगळं उघडंच असतं."

मामाने भिंग खाली ठेवलं. "म्हणजे दार सताड उघडं आणि येणारीजाणारी माणसं हजारो? बिट्टे, संशयित सापडले. एकेकाला बोलावून घे."

"कुठे? आपल्याकडे खुर्च्या चार आहेत!"

"बरं. मग चित्रं मुळात कशात होती?"

"पेनड्राइव्हमध्ये. पण सगळी आत घेतली ना मी. आता तो रिकाम्यासारखाच. ठेवला असेल कुठेतरी."

"मग त्याला वगळू," मामा म्हणाला. "रिकाम्या डब्याची जबानी घेत नाहीत. या गुन्ह्यात फायदा कुणाचा? बिट्टीने अभ्यास करावा असं कुणाला वाटतं?" आणि तो तरातरा स्वयंपाकघरात गेला. "ताई, काल दुपारी तू कुठे होतीस?"

"तुझ्या पँटला चेन लावत होते," आई म्हणाली.

"साक्षीदार?"

"पँट."

"ताई, कबूल कर. बिट्टी महिनाभर अभ्यास सोडून फिल्म करतेय हे कळताच तू..."

आईचा हात कुकरवरच थांबला. "काय करतेय?"

तपासात पहिली अटक झाली ती फिर्यादीचीच. आईने बिट्टीला असं काही फैलावर घेतलं की मामाही कोट सावरत कोपऱ्यात उभा राहिला. बिट्टीने रडतरडत सगळं सांगितलं. आई ऐकताऐकता खाली बसली. "कंडक्टर भावजी रडले? ह्यांच्यासाठी?" तिने पदर डोळ्यांना लावला आणि भावावर खेकसली, "मग शोध की मेल्या! भिंग घेऊन काय मिरवतोस!"

मामाने तिसरा सिद्धांत मांडला. कंडक्टर स्वतःच! चांगलं बोलून गेला, मग पस्तावला आणि पुरावा नष्ट केला. इतक्या लांब राहायला गेला, हीच तर संशयाची जागा. तो भाड्याने जीप ठरवायच्या गोष्टी करत होता, तेवढ्यात बाबा घरी आले.

बिट्टीने पटकन लॅपटॉप मिटला. पावडरीचा ढग उठला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"मेव्हणे, खिडकी सोडून कुठे गेला होता? बसमध्ये राहिलेली पिशवी द्यायला आलो, तर तुमचा पत्ता नाही. मीच आत जाऊन ठेवली. तिथे कॉम्प्युटरपाशी हे पडलं होतं." त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्याला मामाच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली होती: 'बेवारस. सापडल्याचं ठिकाण: फ्रीजवर.'

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं.

"दाजी, काल सकाळी ती वस्तू मालकाविना आढळली," मामा चाचरत म्हणाला. "मी फक्त कर्तव्य केलं."

बिट्टीने पेनड्राइव्ह हिसकावला आणि आत जाऊन लॅपटॉपला लावला. लाल पट्ट्या भराभर निघून गेल्या. त्या सॉफ्टवेअरने चित्रं आत घेतलीच नव्हती. ती कुठे ठेवलीत एवढंच त्याने लक्षात ठेवलं होतं. घसा खाकरताना कंडक्टरकाका जसेच्या तसे होते.

बाहेर मामा आईला सांगत होता, "म्हणजे माल सुखरूप ठेवला कुणी? मीच! प्रकरण उलगडलं." आईने त्याच्या हातातलं भिंग काढून घेतलं.

बिट्टी दारात आली. "बाबा, तुम्ही उघडून नाही ना बघितलं?"

"छे! मी कशाला बघू?" बाबा वळून नळाशी गेले, तोंडावर पाणी मारलं आणि टॉवेल चेहऱ्यावर बराच वेळ धरून ठेवला. "पण ज्याचा कुणाचा असेल त्याला सांग, त्यातला कंडक्टर पक्का खोटारडा आहे. एकदा दूध सांडलं होतं. चांगलं पातेलंभर."

मग टॉवेल खुंटीला अडकवून ते म्हणाले, "चल, पुस्तक घे. मागणी-पुरवठा काय असतो ते मला समजावून सांग."