फाइना रोदिओनोव्हनांचा उजवा डोळा

"मोतीबिंदू काढायचाय? आधी मला पुरा, मग काढा!" फाइना रोदिओनोव्हनांनी चमचा बोर्शमध्ये, बीटाच्या सुपात, आपटला. रीमाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, ब्लाउजवर लाल शिंतोडे उडाले.

"आई, अगं काल तू कोबी समजून टेबलपुसणं चिरत होतीस!"

"पुसणं हिरवं होतं. त्यात माझी काय चूक?"

मॉस्कोच्या प्रयोगशाळेत बाईंनी उभा जन्म कार्नोसिनवर घालवला होता. मांसाच्या अर्कात सापडणारा हा पदार्थ डोळ्यांचं म्हातारपण लांबवतो, असं ठणकावून सांगताना त्यांनी निम्म्या सहकाऱ्यांशी अबोला धरला होता. आता आपल्याच डोळ्याला सुरी लावून घेतली, तर ती मंडळी पोट धरून हसणार. म्हणून बाईंनी घरीच प्रयोग मांडला. कार्नोसिनचे थेंब फक्त उजव्या डोळ्यात, डावा तुलनेसाठी कोरडा. बाटली फ्रिजच्या दारात, मार्फा मांजरीचे डोळे धुवायच्या पाण्याच्या बाटलीशेजारी. मार्फाही म्हातारी, दारांना धडकत फिरायची.

शेवटी तोड निघाली. दवाखान्यात उजव्या डोळ्याने तक्ता वाचला, तर शस्त्रक्रिया रद्द.

तरुण डॉक्टर आर्सेनी ग्लेबोविचनी डावा डोळा झाकला. "वाचा."

"श, ब. म, न, क. ई, म, ब, श..." बाई खालच्या ओळीपर्यंत धडाधडा पोचल्या. रशियात सगळ्यांनाच तो तक्ता लहानपणापासून पाढ्यांसारखा पाठ असतो. रीमाने कपाळाला हात लावला.

"आता डावा."

विजयाच्या भरात बाईंनी तोही त्याच झपाट्यात म्हटला.

"वा! दोन्ही डोळे सारखेच," डॉक्टर म्हणाले. प्रयोगाचं रीमाने त्यांच्या कानावर आधीच घातलं होतं. "म्हणजे थेंबांचा काही उपयोग नाही झाला."

बाईंचा चेहरा उतरला. खोटं कबूल करावं तर सुरी, न करावं तर कार्नोसिनची बेअब्रू. त्या ताडकन उठल्या.

"पाठ म्हटलं मी! डाव्याला ढिम्म दिसत नाही!"

"आणि उजव्याला?"

"...त्यालाही."

"ठाऊक आहे मला. तक्ता रंगकामासाठी उतरवलाय. तुम्ही कॅलेंडर वाचत होता, फाइना रोदिओनोव्हना."

"मग करा डाव्याचं! पण उजव्याला हात लावाल तर याद राखा. प्रयोग चालू आहे!"

डाव्याची पट्टी सुटली, तशा बाई घरी येऊन तडक फ्रिजकडे गेल्या. कित्येक महिन्यांनी बाटलीवरची अक्षरं दिसली, आणि त्या किंचाळल्या.

"रीमा! मी डोळ्यात मांजरीचं पाणी घालत होते गं!"

जेवायला बसलेल्या रीमाने खारवलेल्या माशाचा तुकडा काट्याला लावून तोंडाजवळ नेला होता. तिचा हात तिथेच थांबला.

"मग मार्फाच्या डोळ्यांत काय गेलं?"

खिडकीतून मार्फाने नेम धरून उडी मारली. काट्याला धक्काही न लावता तुकडा उचलला आणि कपाट, खुर्ची, दार, सगळं चुकवून पसार झाली.

"बघितलंस? माझं कार्नोसिन हरलेलं नाही!" बाई गरजल्या. "कर माझ्या त्या सगळ्या सहकाऱ्यांना फोन!"

"करते. पण आता उजव्या डोळ्याची तारीख घेऊ या ना?"

"खबरदार!" फाइना रोदिओनोव्हनांनी उजवा डोळा हाताने झाकून घेतला. "तो मांजरीशी तुलनेसाठी आहे."