मामंजींचा एकच बार

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल. शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, बंदूक भरताना रानडुकरांशी बोलतात. "थांब की रं जरा! होऊनच राहिलंय."

बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, मग गजानं ठासायचं. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून. मामंजींचे हात कापतात, पण दारूचा कण सांडत नाही. मध्येच कुणी हाक मारली तर मात्र "मोडलं की ध्यान!" म्हणून सगळं उपसून नव्यानं भरतात. कंधारकडच्या आमच्या गावात म्हणतात, "डुकरं जेवून हात धुतात, मग म्हाताऱ्याचा बार होतो."

मामंजी चिडत नाहीत. "दोन नळीवाला दोनदा चुकतो. एकच बार असला की माणूस इचार करतो."

आमच्या ह्यांची नोकरी लातूरला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून हे म्हणतात, दादांनी बंदूक ठाण्यात जमा करावी आणि आमच्याकडं यावं. यंदा महालक्ष्म्यांच्या सणाला आलो, ते हे ठरवूनच.

"मग रान कोण राखंल?" मामंजी म्हणाले.

"तुम्ही राखून उरतंय किती, दादा?"

मामंजी उठून वावरात गेले. दिवस मावळताना आम्ही दोघं भाकरी घेऊन गेलो. डुकरं भुईमुगात शिरलेली, बंदूक भरलेली, आणि मामंजी नुसते बघत बसलेले.

"दादा, मारा की! शेंगा चालल्या!"

"खाऊ दे."

एवढ्यात एक डुक्कर कळप सोडून बांधाकडच्या लिंबाखाली गेलं आणि मातीत नाक खुपसलं. धडाम! सगळा कळप पळाला.

मामंजी लगेच पुन्हा दारू ओतायला लागले. "माती बसली न्हाई अजून. उकरतात," एवढंच म्हणाले.

आम्हा लिंगायतांत माणसाला आपल्याच वावरात पुरतात. त्या लिंबाखाली आत्याबाई आहेत.

सकाळी ह्यांनी खुंटीची बंदूक काढली. मामंजी दारात उभे. ह्यांनी ती गाडीत ठेवली नाही. ओट्यावर बसून तेलाच्या फडक्यानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"दादा, परवान्याची मुदत संपत आली. नवा करायला आपण दोघं जाऊ."

मामंजींनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग मला म्हणाले, "सूनबाई, लेकराला चहा दे की."